रक्ताच्या रंगाचे दोरे

माय,

हे पत्र मी किती दिवस टाळलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही, कारण तू लगेच म्हणशील, "टाळण्यात तुझा हात कोण धरणार बाबा?" खरं आहे. दहा वर्षं टाळलं. कधी कागद नव्हता, कधी शाई वाळलेली होती, कधी दोन्ही जागेवर असायचं तर बाहेर काहीतरी चाललेलं असायचं आणि मी ते बघायला उठायचो. आजसुद्धा सकाळी लिहायला म्हणून बसलो तर खिडकीखाली एक कल्हईवाला भाता लावून बसलेला. काळीकुट्ट परात कशी चांदीसारखी होते ते बघत मी दुपार करून टाकली. आता तो उठून गेला, म्हणून बसलोय. तुला वाचता येत नव्हतं हे मी विसरलेलो नाही. तरी लिहितो. जे सांगायचं आहे ते खरं म्हणजे तुझ्या थोरल्या लेकीला, अक्काला सांगायचं आहे, आणि अक्कासमोर माझी जीभ उचलत नाही. तू काही उठून मधेच बोलणार नाहीस.

पण आधी एक गोष्ट ऐकून घे. तू साऱ्या गल्लीला सांगायचीस, "ह्याच्या हाताला काही टिकत न्हाई, ह्याचे पाय टिकत न्हाईत अन् ह्याचं ध्यानबी टिकत न्हाई." निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात तू गेलीस आणि तुझं म्हणणं खरं करायला मी लगेच घर सोडलं. केदारखेड्याला नदीकाठी एका बागवानाकडं राहिलो, परतूरला जिनिंगमधे सरकी उपसली, एका बोहारणीच्या नवऱ्याबरोबर भांड्यांची पाटी घेऊन हिंडलो. कुठं दोन महिने, कुठं एक बाजार. पण माय, जालन्याला परत आलो ते आता तीन वर्षं एकाच दवाखान्यात आहे. तीन वर्षं! त्याच टेबलाशी, त्याच स्टुलावर, रात्री झोपायलाही तिथंच. तेव्हा तुझं ते वाक्य तू आता मागं घे.

आलो होतो अंगठा कापला म्हणून. पत्र्यानं कापला होता, डॉक्टर मलमपट्टी करून राह्यले होते आणि शेजारच्या टेबलावर त्यांचा कंपाउंडर दोन काचेच्या नळ्या उजेडात धरून डोळे बारीक करत होता. दोन्हीत नारिंगी पाणी. म्हणाला, "साहेब, एकसारख्याच दिसतात." मला राहवलं नाही. मी म्हणालो, "डाव्या हातातली तांबूस आहे. थोडीशीच." डॉक्टरांनी माझा अंगठा तसाच सोडला. त्यांनी नळ्या मागं लपवून अदलाबदल केली, पुन्हा दाखवल्या, पुन्हा विचारलं. पाच वेळा. पाची वेळा मी बराबर सांगितलं. मग त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. "कोणाचा रे तू?" मी म्हणालो, "रंगाऱ्याचा." माय, बापाचं नाव विचारलं असतं तर मी ते सांगितलं असतं, पण त्या क्षणी मला हंड्याशी उभी राहिलेली तूच दिसलीस, कोपरापर्यंत निळी.

ते नारिंगी पाणी काय असतं ते सांगतो, म्हणजे मी दिवसभर काय करतो ते तुला कळेल. ज्यांचं ब्लड प्रेशर चढलेलं असतं, म्हणजे रक्त नळ्यांतून फार जोरात धावत असतं, त्यांचे गुर्दे त्या माऱ्यानं हळूहळू झिजतात. दुखत नाही, खुपत नाही. तुझं जसं होतं, सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, डोकं मागून धरलेलं, आणि तू म्हणायचीस वाफेनं होत असंल. गुर्द्याचं काम रक्तातला कचरा गाळून बाहेर टाकायचं. तो झिजला की कचरा रक्तात साचतो. त्या कचऱ्यातलं एक द्रव्य आहे, डॉक्टर त्याला क्रिएटिनिन म्हणतात. रक्त घ्यायचं, हातानं फिरवायच्या चरकीत घालून त्याचं वरचं पाणी वेगळं करायचं, गाळायचं, आणि त्यात पिक्रिक ॲसिड नावाचं पिवळंधम्मक पाणी आणि थोडा सोडा घालायचा. पिवळ्याचं हळूहळू नारिंगी होत जातं. कचरा जितका जास्त तितकं जास्त नारिंगी. आमच्याकडं एक पितळी यंत्र आहे, त्यात डोळा लावला की दोन नळ्यांचे रंग अर्ध्या अर्ध्या चंद्रासारखे शेजारी दिसतात. एक नळी ठरलेली, एक रोग्याची. माझी बोटं आता कायमची पिवळी आहेत. तुझी निळी होती. खिशात हात घालून हिंडायचं दोघांच्याही नशिबात नव्हतं.

आमचे डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांच्याकडं एक तक्ता आहे. रंग इथपर्यंत असला तर माणूस ठीक, त्याच्या वर गेला तर गुर्द्याचा आजार. एकदा एका माणसाचं रक्त दुसऱ्यांदा आलं. मी म्हणालो, "साहेब, याचा रंग मागल्या खेपेला फिका होता."

"हद्दीत आहे ना?"

"हद्दीत आहे. पण सरकलाय."

"हद्दीच्या आत सरकला तर त्याला आपण आजार म्हणत नाही."

"मंग साहेब, हद्द ओलांडतो तेव्हा गुर्दा किती गेलेला असतो?"

ते म्हणाले, "जवळजवळ निम्मा."

"मंग ही हद्द कोणाच्या कामाची? रोग्याच्या तर न्हाई."

"तू कितवी शिकलास रे?"

"सहावी. नापास."

"वाटलंच," असं म्हणून ते हसले आणि हात धुवायला गेले. मी हसलो नाही. मला त्या क्षणी तुझी दोरी आठवली. दाराच्या मागं टांगलेली. प्रत्येक हंडा उतरला की त्या कापडाची बोटभर चिंधी फाडून तू त्या दोरीला गाठ मारायचीस. पुन्हा त्याच घरचं लुगडं रंगायला आलं की त्यांची मागली चिंधी शोधायची आणि ओल्या कापडाशेजारी धरायची. कोणी म्हणालं की नुसतं बघून कळत नाही का, तर तू म्हणायचीस, "एकटा रंग खोटं बोलतो. त्याला त्याच्याच मागल्या रंगाच्या शेजारी उभा कर, मंग बघ कसा गप बसतो." डॉक्टरांचा तक्ता म्हणजे साऱ्या दुनियेची एकच चिंधी. एखाद्याचा रंग जन्मापासून फिका असेल, तो तांबूस होत होत हद्दीपर्यंत येऊन टेकला तरी तक्ता म्हणणार, ठीक आहे. मला प्रत्येक माणसाची स्वतःची चिंधी हवी होती.

नळीतला रंग तासाभरात बदलतो, तो ठेवता येत नाही. म्हणून मी दोरे रंगवायला लागलो. सकाळच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीत नळी धरायची आणि अगदी त्याच रंगाचा सुती दोरा करायचा, त्याला रोग्याच्या नंबराची चिठ्ठी बांधायची. दरवेळी एक नळी माझ्या स्वतःच्या रक्ताची. औषधाची बाटली बदलली, हवा बदलली, तर ते माझ्या नळीतही दिसेल. तूही नव्या हंड्यात आधी कोरी चिंधी बुडवायचीस की नाही? कंपाउंडर म्हणायचा, "आता ह्यानं दवाखान्याला राखीपुनव लावली." म्हणू दे. तीन महिन्यांत माझ्याकडं चाळीस-पन्नास दोरे झाले. एका फळीला चुका ठोकून मी ते खिडकीत ओळीनं टांगले. फार छान दिसायचे.

आणि मग मी शेण खाल्लं. ते तुला सांगायलाच हवं, कारण ते तुझ्याच पोरानं खावं असं होतं.

आमच्याकडं कापसाच्या आडतीचे एक शेठजी यायचे. मारवाडी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, पोट सुटलेले, बोलायला गोड. प्रेशर कायम चढलेलं. त्यांचं रक्त दुसऱ्यांदा आलं, मी नळी त्यांच्या दोऱ्याशेजारी धरली, पुसून पुन्हा धरली. रंग केवढा तरी चढलेला. डॉक्टर बाहेरगावी गेले होते. त्यांची वाट बघायची की नाही? मी नाही बघितली. तसाच आडतीवर गेलो आणि गाद्यागिरद्यांवर बसलेल्या चार माणसांसमोर सांगून टाकलं, "शेठजी, तुमचे गुर्दे चाललेत."

घरात रडारड झाली. शेठजींची म्हातारी आई काठी टेकत बाहेर आली. काय खाण्यानं थांबेल म्हणून तिनं विचारलं, मी म्हणालो मीठ बंद करा. ती म्हणाली, "बस? इतनाच?" त्यांच्या जैन धर्मात आयंबिल म्हणून एक व्रत असतं, बिनमिठाचं, बिनतेलातुपाचं, दिवसातून एकदाच खायचं. म्हातारीनं ते वर्षानुवर्षं केलेलं. तिनं तिथंच पोराला फर्मान काढलं. शेठजी माझ्याकडं असं बघून राह्यले की जणू मीच त्यांच्या ताटातली लोणच्याची फोड उचलली.

डॉक्टर आले, त्यांनी शेठजींचं रक्त पुन्हा घेऊन यंत्रात स्वतः पाहिलं आणि मला बोलावलं. "जरासुद्धा वाढलेलं नाही. जिथं होतं तिथंच आहे. तू काय पाहिलंस?" मी म्हणालो, दोरा आणा. दोरा आणला. नळी गडद, दोरा फिका. डॉक्टरही चक्रावले. मी दुसरा रोगी काढला. त्याचंही रक्त चढलेलं. तिसरा, तोही. कंपाउंडर हसत म्हणाला, "आता सारा जालना मरणार." मग मी माझी स्वतःची नळी माझ्या स्वतःच्या दोऱ्याशेजारी धरली, आणि माय, माझंही चढलेलं. सगळे हसत होते. मला वाटलं, तुझ्याकडून आलंय ते माझ्याकडं. तीन दिवस मी मीठ सोडलं. भाकरी पाण्याबरोबर गिळायचो आणि आरशात डोळ्यांखाली बघायचो.

तिसऱ्या दिवशी फळीखाली बसून अळणी भाकरी खात होतो. ऊन खिडकीतून सरळ दोऱ्यांवर पडलं होतं. आणि एकाएकी माझा गाल तापला. खरंच तापला. मी दहा वर्षांचा. एका लग्नघरचे शेले तू हळदीत काढलेले, आणि मला सांगितलंस, सावलीत वाळव. गल्लीच्या तोंडाशी अस्वलवाला आला होता. उन्हात लवकर वाळतील आणि मी मोकळा होईन म्हणून मी ते भर उन्हात पसरले आणि अस्वल बघायला गेलो. आलो तर शेले फिके फटक. तू नीळ काढून राह्यली होतीस, तशीच उठलीस आणि ओल्या हातानं एक ठेवून दिलीस. "हळद सावलीची असती. उन्हात टाकशील तर ती तुलाच खोटं पाडंल!" तुझी पाच निळी बोटं माझ्या गालावर दोन दिवस होती. शाळेत मास्तरांनी उर्दूत विचारलं, हे काय लावून आलास, आणि सारा वर्ग हसला.

आणि मी माझे सारे दोरे कशात रंगवले होते? हळदीत. हळदीत चुना घातला की पाहिजे ते नारिंगी मिळतं, सोपं पडतं, मिठाच्या भांड्याशेजारी डबा असतोच. रंगाऱ्याचा पोर असून हळदीचे दोरे खिडकीत उन्हात टांगले आणि ते रोज थोडे थोडे उडत गेले. रक्त कोणाचंच चढलं नव्हतं. दोरे उतरले होते. मी एकटाच मोठ्यानं हसलो, मग फळी काढून आपटली, मग तीन दिवसांत पहिल्यांदा भाकरीवर मीठ घालून खाल्लं.

ती चूक मी दोन दिवसांत कबूल केली. डॉक्टरांना सांगितलं, शेठजींच्या आडतीवर जाऊन त्याच चार माणसांसमोर सांगितलं. शेठजी म्हणाले, "भाई, तुझ्या हळदीपायी मी आठ दिवस अळणी खाल्लं." पण त्यांनी मला हाकलून नाही दिलं. जाताना म्हणाले, "पक्का धागा बनव. मंग ये." तू आता विचारशील, एवढं सगळ्यांसमोर बोलता येतं तर मग दुसरं काय गिळून बसलास? सांगतो. जरा थांब.

पक्का दोरा कसा करायचा ते मला तुझ्याकडूनच माहीत होतं. आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचा, मग तुरटी, मग डाळिंबाच्या सालीचा पिवळा आणि त्यावर मंजिष्ठेचा तांबडा, थेंब थेंब. तुरटी माझ्याजवळ होती. पंधरा वर्षांचा असताना पहिल्यांदा तीन दिवस पळून गेलो होतो आणि परत आलो तेव्हा तू ओरडली नाहीस, मारलं नाहीस. चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस. हात पुसलास, फडताळातून मुठीएवढा तुरटीचा खडा काढून माझ्यापुढं ठेवलास. "पुन्हा जाशीलच. जाशील तिथलं पाणी गढूळ असंल. हा फिरव अन् मंग पी." एवढंच. तो खडा मी साऱ्या वाटा हिंडवला. पाणी नितळलं, दाढी केल्यावर गालाला लावला, खरचटल्यावर लावला. आता बोराएवढा उरला होता. तो मी त्या दोऱ्यांसाठी विरघळवला. सगळा. दुकानातून दुसरी तुरटी आणता आली असती, कंपाउंडर म्हणालाही. मी म्हणालो, ही पाहिजे.

ते दोरे वर्षभर उन्हात टांगून पाहिले, अर्धे उन्हात आणि अर्धे डब्यात. तसूभर फरक पडला नाही. आणि त्या वर्षात, पक्क्या दोऱ्यावर, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, शेठजींचा रंग खराच चढला. एकदा थोडा, पुढल्या वेळी आणखी थोडा. माझ्या स्वतःच्या नळीचा जिथल्या तिथं. शेठजी तक्त्यावर अजून हद्दीच्या आतच. डॉक्टरांनी तीन दोरे शेजारी शेजारी धरले, खिडकीशी गेले, परत आले. हसले नाहीत. म्हणाले, "पुन्हा काढ. आणि लघवी उकळून बघ." उकळली, स्वच्छ. गुर्दा जास्त बिघडला की ती उकळल्यावर गढूळ होते, तसं काही नाही. गुर्दा अजून ओरडत नव्हता, नुसता पुटपुटत होता, आणि ते दोऱ्यानं ऐकलं. मी पुन्हा आडतीवर गेलो. कोणत्या तोंडानं गेलो ते माझं मला माहीत. शेठजींनी मला पाहिल्याबरोबर पान थुंकलं.

"अबके धागा पक्का है?"

"पक्का आहे शेठजी."

"हळद न्हाई?"

"न्हाई."

"तो बोल."

सांगितलं. त्यांनी आत हाक मारली, "माँ, आपका आयंबिल फिर से." त्यानंतर दोनदा रक्त घेतलं, रंग आहे तिथं आहे. पुढं काय होईल ते मला माहीत नाही आणि मी काही देव नाही. पण लोक म्हणतात ना, एका हळद्या पोराचं काय ऐकायचं, त्यांना मी सांगतो, या, दोरे बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता अक्का.

गेल्या महिन्यात प्रेशरचं यंत्र पेटीत घालून मी परतूरला तिच्याकडं गेलो. तीन वर्षांत चौथ्यांदा. तिला बघितलं आणि मला पेटी उघडायचीही गरज वाटली नाही. माय, तीच सूज. डोळ्यांखाली, सकाळची. तोच हात मानेमागं. पारा चढला तो चढतच गेला. लघवी उकळली, ती स्वच्छ. म्हणजे अजून वेळ आहे, शेठजींसारखा. मी म्हणालो, "अक्का, थोडं रक्त दे. आज एक दोरा करतो, सहा महिन्यांनी दुसरा. बस."

अक्काची सासू चुलीपाशी कांदे सोलत होती. ती म्हणाली, "अंगात रक्त आहे का तिच्या? वर हा पाव्हणा आला बाटली घिऊन. रक्तावर तर ढेकूण जगतेत, माणसानं कशाला त्यात तोंड घालावं?"

"मावशी, पाच चमचेबी लागत न्हाई."

"चिलटालाबी तेवढंच लागतं."

अक्का हसली नाही. ती म्हणाली, "मायचं काढलं व्हतं ना रक्त? काय झालं? रिपोर्ट चांगला आल्ता. तूच सांगितलंस. एकदम पक्का, म्हणलास. अन् चौथ्या दिवशी माय गेली. तुझं ते रक्त एकदा खोटं बोललं, आता माझ्याबाबतीत खरं बोलंल कशावरून?" मी यंत्र पेटीत घातलं. पट्टा नीट गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. सासूनं कांद्यावरून डोळे उचलून माझ्याकडं बघितलं. एवढं बोलणारा पाव्हणा एकाएकी गप्प झाला, हे तिला दिसलं. अक्काला नाही दिसलं. मी दुपारच्या गाडीनं परत आलो.

रक्त खोटं बोललं नव्हतं माय. रक्ताला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या वेळी आपल्या इथं हे कोणी करत नव्हतं. तुझ्या दंडातून रक्त काढताना तू डॉक्टरला म्हणालीस, "घ्या. बघू तरी, माझा रंग कच्चा हाय का पक्का." त्यांनी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि मला दिली. सकाळची गाडी, औरंगाबाद, दुपारच्या आत पोचवायची, उन्हात ठेवायची नाही. मी गाडीतून उतरलो, चालायला लागलो, आणि एका अंगणात हिमरूवाले विणकर रेशमाच्या लडी धूत होते. त्यातला एक रंग होता, माय, जांभळा नाही, तांबडा नाही, तसा रंग तू कधी काढला नव्हतास. मला वाटलं, कसा काढतात ते विचारून घेतो, मायला सांगतो, ती खूश होईल. डबा भिंतीवर ठेवला. तिथं सावली होती. मी बसलो. त्यांनी दाखवलं, मी बघत राहिलो. सावली सरकली. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तिथल्या माणसानं बाटली उजेडात धरली आणि परत माझ्या हातात दिली. "रक्त फुटलंय. याचं काही होत नाही. नवीन आण."

घरी आलो तर तू चुलीपुढं भिंतीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, "काय रं? कच्चा का पक्का?" आणि मी म्हणालो, "पक्का माय. एकदम पक्का." तू हसलीस. अक्काला म्हणालीस, "दे गं भाकर, अन् लोणचं दे, चार दिवस ह्या डॉक्टरनं तोंड मारून टाकलंय." दुसऱ्या दिवशी तू हंड्याशी उभी होतीस. चौथ्या दिवशी तुला आकडी आली.

आमच्या डॉक्टरांना मी हे दुसऱ्याचं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, त्या काळी तसंही काही करता आलं नसतं, औषध कुठं होतं. चांगला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून नाही, खरंच त्यांना तसं वाटतं म्हणून म्हणाले. मला ते मान्य नाही. मी ते घेत नाही. करता आलं नसतं तर नसतं, पण चार दिवस तुझे होते. ते तू खऱ्या रंगात जगली असतीस. हंड्याशी उभी राहिली असतीस की अंथरुणावर पडली असतीस, लोणचं खाल्लं असतंस की नसतंस, ते तू ठरवलं असतंस. मी ते तुझ्याकडून घेतलं आणि तुला हसायला लावलं. माफी मी मागत नाही, तू दिलीस तरी ती मला घेता येणार नाही. पण तुला घेऊन गेलं ते अक्काला घेऊन जायला येतंय, आणि या खेपेला मी त्याला वाटेत गाठलंय, अजून वेळ आहे. त्याला मी सोडणार नाही. मधे उभं आहे ते फक्त माझं एक वाक्य. एकदम पक्का.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. मला वाटलं कंपाउंडर. उघडलं तर अक्काची सासू. एकटी. जन्मात कधी एकटी गाडीत न बसलेली बाई, डोक्यावर पदर, हातात गाठोडं, धापा टाकून राह्यली होती. आत आली, माझ्या स्टुलावर बसली, चोळीची बाही वर सरकवली आणि म्हणाली, "कुठं हाय ती तुझी सुई?"

"मावशी, तुम्ही? अक्का कुठंय?"

"घरी. ती म्हणती, आधी तुम्ही देऊन दाखवा. चार दिवसांत तुम्ही मेल्या न्हाईत तर मी येते. म्हणून आले. चार दिवस इथंच ऱ्हाणार हाय. अन् मला सकाळी उठल्याबरोबर च्या लागतो, सांगून ठेवते."

ती आता माझ्या दोऱ्यांच्या फळीकडं बघत बसली आहे आणि विचारते आहे, काय लिहून राह्यलास. माय, एक कबूल करतो. तिची बाही वर गेली त्याबरोबर माझ्या मनात आलं, हिला चार दिवसांत काही होत नाही, अक्का येईल, रक्त देईल, आणि मला कोणाला काही सांगायची गरजच उरणार नाही. आलं, खरंच आलं, आणि फार बरं वाटलं. म्हणून हा कागद इथंच ठेवून उठतो. म्हातारी खडबडून बोलते, पण त्या दिवशी कांद्यावरून डोळे उचलून तिनंच बघितलं होतं. सुई नंतर. आधी तिला सांगतो.